पाणी घेऊन कोल्हापूरला : जेलीफिशच्या कामाच्या नोंदी

समुद्र दीडशे किलोमीटर लांब आणि मध्ये फोंडा घाट. तरी हे काम कोल्हापुरातूनच केलं, कारण नोकरी इथली आणि धाकटा भाऊ मालवणजवळ देवबागला रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर. आमच्या किनाऱ्यावर जेलीफिश कधी येतात, किती येतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या अंगात पाणी, मीठ आणि खरं मांस किती असतं, एवढंच पाहायचं होतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कुणी हा विषय घेणार असेल तर माझे पैसे आणि दिवस जिथं गेले तिथं त्यांचे जाऊ नयेत, म्हणून वहीतलं जवळपास तसंच उतरवते आहे.

७ ऑक्टोबर

पहाटेची रापण. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकलं, मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढायला माणसं लागली. जाळं वाळूला लागेपर्यंत दोन तास. पेडवे बरे मिळाले, बांगडा नावाला. जेलीफिश मात्र घमेलीभर.

दोन प्रकार सहज वेगळे ओळखता आले. एक क्रॅम्बिओनेला: छत्री घट्ट, हाताला जवळजवळ कुर्चेसारखी, कडेला शुंडकं (लोंबते दोरे) नाहीत, खाली तोंडाभोवती आठ जाड हात, म्हणजे मुखबाहू. दुसरी क्रायसाओरा: पातळ छत्री, कडेनं लांब दोरे आणि मध्ये झालरीसारखे मुखबाहू. जातीपर्यंत मी गेले नाही. ते तज्ज्ञाचं काम आहे, फोटोवरून नाव ठोकून देऊ नये.

मालवणच्या किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं काही उचललं नाही. रापणीत आलेलं आणि रापणकर वाळूवर फेकून देणार होते, तेवढंच घेतलं.

अकरा नग एकाच मोठ्या पिशवीत भरले, ताणकाट्यावर ३.९ किलो. पिशवी बर्फाच्या खोक्यात. भाऊ बघत होता. म्हणाला, "गो ताई, ह्यां नुसतां पाणी आसा. पाणी घेवन कोल्हापुराक चललंस?"

एसटीत राधानगरीच्या पुढं खोक्यातून धार लागली आणि पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पिशवीपर्यंत पोहोचली. कंडक्टर: "काय वो मॅडम, मासं हाईत काय?" मासे नाहीत म्हटलं तर मग काय आहे ते सांगावं लागलं असतं. हो म्हटलं.

९ ऑक्टोबर

पिशवी शनिवारी रात्री घरच्या फ्रीझरमध्ये ठेवली होती. आज कॉलेजात वितळवली. आत अकरा प्राणी नव्हते. काही गोळे होते आणि उरलेला सगळा खारट, चिकट रस. गोळे गाळून वजन केलं तर २.६ किलो. म्हणजे एक किलोच्या वर माल "पाणी" होऊन बाजूला झाला, आणि कोणत्या नगाचा किती गेला ते सांगायची सोय नाही. वर पिशवीचं तोंड सैल बांधलेलं, त्यामुळं बर्फाचं गोडं पाणीही आत शिरलेलं.

पूर्ण फेरी वाया. एक सुट्टी, प्रवास आणि शेजारणीचं बोलणं.

यातून ठरवलेलं: प्रत्येक नग किनाऱ्यावरच स्टीलच्या चाळणीवर एक मिनिट निथळायचा, तिथंच वजन घ्यायचं, छत्रीचा व्यास मोजायचा, मग स्वतंत्र झिपच्या पिशवीत. पुढं वितळल्यावर पिशवीत जे सुटेल ते प्राण्याचंच आहे, ते सांडू द्यायचं नाही. पिशवी उलटी करून सगळं एकाच ताटलीत.

२१ ऑक्टोबर

एका सहकाऱ्यानं सुचवलं, फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, घाई नको. समुद्राच्या पाण्यात चार टक्क्यांचं करून दोन नग ठेवले. रोज काढून वजन केलं. रोज कमी. जेलीफिश फॉर्मॅलिनमध्ये आक्रसतात आणि वजन टाकतात, म्हणजे हे नमुने बरणीत ठेवून विद्यार्थ्यांना दाखवायला छान, वजनाच्या कामाला बाद. बरण्या कपाटात गेल्या.

४ नोव्हेंबर

दुसरी फेरी. या वेळी वीस पिशव्या, चाळण, पाच ग्रॅमचाही फरक दाखवणारा बॅटरीचा काटा, पट्टी आणि पाण्यातलं मीठ मोजायचा १,९०० रुपयांचा रिफ्रॅक्टोमीटर. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घ्यायचा, आणि तो सावलीतच. मी आधी उन्हात लावला, सावलीत आले तर शून्य हललेला.

पाण्याची क्षारता ३० निघाली, म्हणजे एक किलो पाण्यात तीस ग्रॅम मीठ. खुल्या समुद्रात साधारण ३५ असते. इथं कर्ली नदीचं तोंड जवळ आणि पावसाळा संपून फार दिवस झालेले नाहीत. हा आकडा तेव्हा मी फक्त रीत म्हणून लिहून ठेवला. पुढं सगळा हिशोब त्याच्यावर येऊन थांबणार हे माहीत नव्हतं.

क्रायसाओराचे दोरे सोडवताना मनगटावर चटका बसला. प्राणी मेलेला होता, पण दंशपेशींना मेल्या-जित्याशी काही घेणं नसतं. मी धावत जाऊन नळाखाली हात धरला आणि जळजळ दुप्पट झाली. गोड्या पाण्यानं न फुटलेल्या पेशीही फुटतात. वहिनीनं हात समुद्राच्या पाण्यात बुडवायला लावला, दोरे चिमट्यानं काढले आणि नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवला. अर्ध्या तासात उतार. चोळायचं नाही, वाळू लावायची नाही. पुढच्या फेरीपासून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे.

१२ नोव्हेंबर

वाळवण. ओव्हन ६० अंशावर. पहिल्यांदा नमुने फिल्टर पेपरवर ठेवले. तिसऱ्या दिवशी जेलीफिश आणि कागद एकजीव झाले होते, नखानं खरवडलं तर कागदाचे तंतू वर येत. तीन नमुने गेले. आता अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या होड्या करते, प्रत्येकीचं वजन आधी घेऊन खाली टोचून नंबर लिहिते. पेननं लिहिलेला नंबर ओव्हनमध्ये उडतो.

किती दिवस वाळवायचं? "४८ तास" असं कुठंतरी वाचून मी थांबले होते. दुसऱ्या दिवशी परत तोलले तर वजन अजून उतरत होतं. मोठ्या नगांना चार दिवस लागले, त्यात एक दुपार लाईट गेलेली. दोन लागोपाठच्या वजनांत फरक येईनासा झाला की थांबायचं, घड्याळाकडे बघून नाही.

वाळल्यावर जे उरतं ते बघण्यासारखं असतं. ताटभर प्राण्याचा एक पारदर्शक पापुद्रा, त्यावर मिठाचे बारीक चौकोनी कण, उजेडात धरला की चमकतो. बोटानं दाबला की कुरकुरीत मोडतो आणि बोट लगेच ओलसर होतं, कारण मीठ हवेतलं पाणी ओढायला लागलेलं असतं.

तो पापुद्रा मी घरच्या खलबत्त्यात कुटला. क्रायसाओराची पूड नाकात गेली आणि तासभर शिंका, डोळ्यांची आग. सुकलेल्या दंशपेशीही ओल लागली की सुटू शकतात. मास्क आणि चष्मा लावून, खिडकी उघडून कुटा. आणि खलबत्ता घरचा नको. आमच्याकडे आता नवीन आहे.

२६ नोव्हेंबर

संख्येचं काम भावावर सोपवलं होतं: प्रत्येक रापणीला किती जेली आल्या ते लिही. आज त्यानं वहीचा फोटो पाठवला. दीड महिन्यात नऊ नोंदी, सगळ्या मोठ्या. "दोन घमेली", "चार घमेली", "खूप". मला आनंद झाला, केवढी गर्दी! मग विचारलं, बाकीच्या दिवशी? म्हणाला, बाकीच्या दिवशी नव्हत्याच, मग लिहू काय?

म्हणजे हातात होती ती त्रासाच्या दिवसांची यादी. जाळं जड झालं, मासे लिबलिबीत झाले, हात खाजले, ते दिवस तेवढे वहीत. कोळ्यांना विचारून केलेल्या कुठल्याही मोजणीत हा घोळ असतोच. यात त्यांची चूक नाही, विचारणाऱ्याची आहे.

नवी पद्धत: त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात आकडा. रापण झालीच नाही तर फुली. झाली आणि जेली नाही तर ठळक शून्य. जास्त असतील तर घमेली मोजायची आणि त्यातल्या एका घमेल्यातले नग मोजायचे. सोबत वाऱ्याची दिशा. फुली आणि शून्य यांतला फरक समजावायला फोनवर वीस मिनिटं लागली, पण एकदा पटल्यावर त्यानं एक दिवस चुकवला नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी संख्येच्या हिशोबातून काढून टाकल्या. जिवावर आलं.

१६ डिसेंबर

राख काढायची होती: वाळका नमुना तापवला की मांस जळून जातं, मीठ राखेत उरतं. कॉलेजच्या मफल भट्टीची (प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीची) कॉइल गेलेली. कोल्हापुरात भट्टीला काय तोटा, म्हणून उद्यमनगरात एका उष्णोपचाराच्या शॉपमध्ये गेले. गुजरीतून सोनारकामाच्या बारा मुशी घेतल्या, ८५ रुपयाला एक. माझे चिमूटभर नमुने आणि शेजारी गिअरचे ढीग. मालक म्हणाले, "किती तापवायचं? आमच्याकडं आठशेच्या खाली कोण येत न्हाई." ५०० म्हटलं. त्यांनी आकडा लावला, मी चहा घेतला.

चूक माझी. भट्टी सकाळच्या मालानं तापलेली होती आणि तापमापकाची कांडी दारापाशी. आतल्या कोपऱ्यात किती होतं ते मी विचारलंच नाही. बाहेर काढल्यावर मुशीत पांढरी भुकटी असायला हवी होती, तिथं काचेसारखा घट्ट थर, काही मुशींत काठावरून बाहेर ओघळलेला. साधं मीठ ८०१ अंशाला वितळतं, आणि त्याच्या बरंच आधीपासून थोडं थोडं उडायला लागतं. मीठ उडालं की राख कमी भरते. राख कमी भरली की वाटतं, जळून गेलेला भाग, म्हणजे मांस, जास्त होतं. माझ्या आकड्यांत जेलीफिश एकदम धष्टपुष्ट झाल्या होत्या.

सहा नमुने गेले. मालकांनी ६०० रुपये घ्यायला नकार दिला, मी दिले.

३ जानेवारी

उद्यमनगरातच कॉलेजच्या मफलची कॉइल भरून घेतली, १,४०० रुपये. हे आधी सुचायला हवं होतं. आता ५०० अंश, सहा तास, भट्टी गार झाल्यावरच दार उघडायचं, मूस थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात. राख पांढरी-करडी, भुसभुशीत.

नोव्हेंबरच्या क्रॅम्बिओनेलाचा सरासरी हिशोब, ओल्या १०० ग्रॅममागे: वाळून ३.६ ग्रॅम उरलं, त्यातली राख २.७, जळून गेलं ०.९. म्हणजे भावाचं म्हणणं ९६ टक्के बरोबर होतं.

२० जानेवारी

जळून गेलेलं ०.९ म्हणजे मांस, असं धरून मी बसले होते. खात्रीसाठी आठ नमुने नायट्रोजन (त्यावरून प्रथिनं कळतात) काढायला पशुखाद्य तपासणाऱ्या एका खासगी लॅबला दिले, नमुन्याला ४५० रुपये. फॉर्मवर "नमुन्याचा प्रकार" या रकान्यात तिथल्या मुलानं विचारून विचारून शेवटी "मासळी कूट" लिहिलं.

आज फोन आला. "मॅडम, तुम्हाला माल कुणी दिला? यात प्रथिनं बाराच टक्के आहेत. सत्तर टक्क्यांच्या वर राख. मीठ मिसळलंय यात, सरळ भेसळ आहे. पैसे परत मागा."

मी त्याला सांगितलं की भेसळ करणारा अरबी समुद्र आहे. तो हसला नाही.

पण बारा टक्क्यांनी माझी झोप उडवली. ३.६ ग्रॅमचे बारा टक्के म्हणजे ०.४३. जळून गेलं होतं ०.९. मग उरलेलं अर्ध्याहून जास्त काय होतं? जेलीफिशमध्ये चरबी आणि कर्बोदकं इतकी नसतात, सेंद्रिय भागात प्रथिनांचाच वाटा मोठा.

दोन दिवसांनी उलगडलं. समुद्राच्या मिठात नुसतं खाण्याचं मीठ नसतं, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षारही असतात आणि ते पाणी बांधून ठेवतात. ६० अंशाला हे पाणी हलत नाही. वजन स्थिर होतं, आपण म्हणतो वाळलं. मग ५०० अंशाला ते सुटतं आणि "जळालेल्या" खात्यात जमा होतं. माशाच्या मांसात ही चूक झाकली जाते, कारण तिथं मांस भरपूर. जेलीफिशमध्ये मांसच एवढं थोडं की बांधलेलं पाणी त्याच्या बरोबरीनं उभं राहतं.

राखेवरून मांस काढू नका. नायट्रोजन करायला पैसे नसतील तर नमुने कमी करा.

१८ फेब्रुवारी

जाळ्यात नग कमी, पण मोठे. डिसेंबरात तळहाताएवढ्या छत्र्या होत्या, आता ताटाएवढ्या. एका मोठ्या नगाचे तुकडे वेगळे केले: छत्री, मुखबाहू, जननग्रंथी. छत्रीत मांस सर्वांत कमी, मुखबाहूत जास्त, जननग्रंथीत सर्वांत जास्त. यामुळं माझी आणखी एक चूक उघड झाली. नोव्हेंबरात काही मोठ्या नगांचा मी फक्त छत्रीचा तुकडा घेतला होता, पिशवीत मावत नव्हता म्हणून. ते नमुने पूर्ण नगांबरोबर एका रांगेत लिहिता येत नाहीत. चार बाद.

१४ एप्रिल

क्षारता ३६. क्रॅम्बिओनेला सात नग मिळाल्या, कडा झिजलेल्या, काहींचे मुखबाहू तुटलेले.

२८ एप्रिल

आकडे आले. ओल्या १०० ग्रॅममागे कोरडा माल ४.३, राख ३.२. नोव्हेंबरात ३.६ आणि २.७ होता. कोरड्या वजनात जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं वाढ. एका विद्यार्थिनीनं लगेच वाक्य तयार केलं: उन्हाळ्यात जेलीफिश अधिक पोषक होतात.

तिला वहीचं ४ नोव्हेंबरचं पान दाखवलं. क्षारता ३० ची ३६ झाली, तीही पाचव्या हिश्श्यानंच. जेलीफिश अंगातलं मीठ बाहेरच्या समुद्रापेक्षा वेगळं राखत नाही, समुद्र खारट झाला की तीही होते. प्रथिनं? तेव्हा ०.४३, आता ०.४५. आमच्या नमुन्यांच्या आपापसातल्या फरकापुढं हा फरक काहीच नाही. सहा महिने ऋतूप्रमाणे बदलणारी शरीररचना म्हणून जे मोजत होते त्यातलं बहुतेक देवबागच्या पाण्यातलं मीठ होतं.

विद्यार्थिनी हिरमुसली. मीही थोडी. रिफ्रॅक्टोमीटर घेतला नसता तर मात्र आम्ही ते वाक्य छापलं असतं.

१९ मे

जाळ्यात आठवडाभर शून्य. प्रौढ जेली संपतात, पण पिढी संपत नाही. तळाशी खडकांना, शिंपल्यांना चिकटलेले काही मिलिमीटरचे पॉलिप असतात, त्यांच्यापासून चकत्या सुटून छोट्या एफिरा होतात आणि त्यांच्या पुढं छत्र्या. पॉलिप शोधायला खाडीच्या तोंडाचे कालवांचे शिंपले आणि जुन्या दोरांचे तुकडे भिंगाखाली पाहिले. दोन दिवस. एक समुद्रफूल, बरेच बार्नेकल, पॉलिप एकही नाही.

जुलै

यांत्रिक बोटींना १ जूनपासून बंदी, रापणही बंद, घाटात दरडी. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की आमच्याकडे वेगळीच मोजणी सुरू होते.

राहिलेले वाळके नमुने तोलायला काढले. काट्यावर ठेवलेली पूड डोळ्यांदेखत जड होत होती, शेवटचा आकडा थांबेचना. कोल्हापूरच्या जुलैतल्या हवेत मीठ काय कोरडं राहणार. डेसिकेटरमधला निळा सिलिका जेल गुलाबी झालेला मी पाहिलाच नव्हता. जेल ओव्हनमध्ये परत निळा केला, पूड पुन्हा वाळवली, आणि मूस झाकण लावून तोलायची पद्धत ठेवली. आठवडा गेला. जमत असेल तर तोलायचं काम जूनच्या आत संपवा.

७ सप्टेंबर

खर्चाचा हिशोब: रिफ्रॅक्टोमीटर १,९००, बर्फाचं खोकं १,१५०, मुशी १,०२०, सिलिका जेल ३८०, लॅब ३,६००, उद्यमनगरची पहिली भट्टी ६००, कॉइल १,४००. एकूण १०,०५० रुपये. एप्रिलचं नायट्रोजन ओळखीच्या लॅबमध्ये फुकट झालं. एसटी बायकांना अर्ध्या तिकिटात, ते वेगळं. नवा खलबत्ता घरखर्चात घातला. आणलेल्या एकूण नमुन्यांपैकी शेवटच्या तक्त्यात निम्मेही उरले नाहीत.

संख्येचा तक्ता डिसेंबर ते मे एवढाच, एका रापणीचा, एका हंगामाचा. डिसेंबर-जानेवारीत नग पुष्कळ आणि छोटे, फेब्रुवारीपासून कमी आणि मोठे, मेमध्ये शून्य. यावरून अख्ख्या कोकण किनाऱ्याचं काही म्हणू नये.

२९ सप्टेंबर

रापण परत सुरू झाली. भावानं न सांगता कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवला. फुली, फुली, ०, ०, फुली, ०, ४. चारच्या खाली बारीक अक्षरात: "पावलीएवढ्यो. वारो दक्षिणेक."